मोरचूद-चुना

आमच्या घरात देवघराखालोखाल सोवळं कुणाचं असेल तर ते त्याचं. त्याचा ड्रम वेगळा. त्या ड्रमात दुसरं काही भिजवायचं नाही, त्यातून जनावरांना पाणी दाखवायचं नाही. ढवळायला कडुलिंबाची काठी, तीही वेगळी, गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवलेली. लोखंडाची बादली, पत्र्याचा डबा, खिळा मारलेली लाकडी फळी यांतलं काही त्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. दुसऱ्या कुठल्या औषधाशी पंगत नाही. आणि सकाळी केला तर त्याच दिवशी संपवायचा. शिळा चालत नाही. आजी एकादशीला स्वतःचं पाणी स्वतः शेंदणारी, पण तीही म्हणायची, "ह्याचं सोवळं माझ्यापरीस कडक हाय बाबा."

पुस्तकात त्याला बोर्डो मिश्रण म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकात तेच नाव. आमच्या भागात, म्हणजे तासगावच्या बाजूला, जुनी माणसं अजून 'मोरचूद-चुना' असंच जोडनाव घेतात. एखाद्या देवळातल्या जोडदैवताचं घ्यावं तसं. ते मला जास्त बरोबर वाटतं, कारण बोर्डो हे त्याच्या गावाचं नाव झालं आणि मोरचूद-चुना हे आईबापांचं.

दोघांची जात वेगळी आणि स्वभाव दोघांचाही तापट. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. संस्कृतात मयूरतुत्थ, मोराच्या गळ्याच्या रंगाचं. दुकानातून कागदात बांधून आणला की त्याचे खडे खडीसाखरेसारखे दिसायचे, म्हणून आई तो माळ्यावर, आमच्या हाताला लागणार नाही असा ठेवायची. तो विषारीच. तरी एकदा मी चिमूटभर चोरून खापरावर तापवला होता, शाळेत गुरुजींनी करून दाखवलं होतं म्हणून. निळा खडा बघता बघता पांढराफटक होतो, कारण त्याचा निळेपणा त्याच्या पोटातल्या पाण्याचा असतो. वर पाण्याचा एक थेंब टाकला की पुन्हा निळा. तेवढं करून खापर परसात पुरलं आणि हात तीनदा धुतले. लोखंडाशी त्याचं हाडवैर आहे. पत्र्याच्या बादलीत विरघळवला तर चार दिवसांत बादलीला भोकं.

चुना म्हणजे कळीचा, भट्टीतून आलेला. तो कोरडा असतो तोवर गरीब. पाणी घातलं की फसफसतो, वाफा सोडतो, बादली हात लावू देत नाही. भिजवताना तोंड पुढं करून वाकायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. डोळ्यांत शिंतोडा गेला तर कायमचं नुकसान. आता बरेच जण पिशवीतली तयार फक्की वापरतात. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, तिच्यावर विश्वास नाही. का नाही, ते पुढं येईलच, आणि त्यात दोष माझा आहे.

करायची रीत सांगतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, म्हणजे एक टक्क्याचा झाला. कोवळ्या पानांवर मारायचा असला तर अर्ध्या टक्क्याचा, दोन्ही अर्धा अर्धा किलो. आदल्या रात्री अण्णा मोरचुदाची तरटाच्या तुकड्यात पुरचुंडी बांधतात आणि पन्नास लिटर पाण्याच्या ड्रमात काठीला टांगून ठेवतात, पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला, जेमतेम बुडेल अशी. मोरचूद तळाला टाकला तर तिथंच बसून राहतो, सारखं ढवळल्याशिवाय विरघळत नाही. वर टांगला की पुरचुंडीतून निळी धार खाली उतरताना दिसते. विरघळलेलं पाणी जड, ते आपोआप तळाला जातं, हलकं पाणी वर येऊन पुरचुंडीला भिडतं, आणि रात्रभर हे असं चालू राहतं. लहानपणी मी बॅटरी घेऊन ही धार बघत बसायचो. काही आवाज नाही, कुणी हलवत नाही, आणि सकाळी पुरचुंडीत तरटाशिवाय काही नसतं.

दुसऱ्या बादलीत चुना विरवून, पन्नास लिटरचा करून, फडक्यातून गाळून घ्यायचा. गाळला नाही तर नोझल तुंबतं आणि मग पंप मारणारा तोंडानं काय काय बोलतो ते लिहिण्यासारखं नाही. चुना पूर्ण निवल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. गरम असताना मिसळला तर कण जाड होतात आणि तळाला बसतात. निवला की मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, संथ धारेनं, एकानं ओतायचं आणि दुसऱ्यानं ढवळत राहायचं. उलटं, म्हणजे चुना मोरचुदात, नाही. पहिल्या तांब्यालाच चुन्याच्या निवळीचा पांढरा मोडतो आणि आभाळाचा रंग येतो. गडद नाही, हिरवट नाही. श्रावणात दोन सरींच्या मध्ये दिसतं तसं आभाळ. हा रंग नीट आला की अण्णांच्या कपाळावरची आठी सैल होते, पण पूर्ण जात नाही. अजून विळ्याची परीक्षा राहिलेली असते.

विळा घासून पांढरा करायचा आणि त्याचं पातं मिश्रणात बुडवून मिनिटभर धरायचं. बाहेर काढल्यावर पातं जसंच्या तसं असलं तर जमलं. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद अजून मोकळा फिरतोय, चुना कमी पडला; आणखी निवळी घाला आणि पुन्हा बुडवा. मोकळा मोरचूद जसा लोखंडाला सोडत नाही तसा पानालाही सोडत नाही. आता लिटमसच्या पट्ट्या मिळतात, पीएच मोजायचं पेनसारखं यंत्र मिळतं. अण्णांच्या खिशात ते यंत्रही आहे, पुतण्यानं आणून दिलेलं. विळा मात्र सुटलेला नाही.

ज्या वर्षी मी विळा बुडवला नाही ते वर्ष सांगतो. अण्णा लग्नाला बाहेरगावी गेले होते. आठवडाभर पावसाची झड, आणि बागेत दावण्याची धास्ती. दावण्या म्हणजे पुस्तकातला केवडा, डाऊनी मिल्ड्यू. पानावर वरून तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळा डाग, खालून त्याच जागी पांढरी लव. मी बारावीत, अंगात शहाणपण मावत नव्हतं. गोठ्यात गेल्या वर्षीची फक्कीची पिशवी होती, तोंड उघडं, अर्धी. मोजून घेतली, मोरचूद मोजून घेतला, ओतलं. रंग थोडा हिरवट आला. मला वाटलं आभाळ ढगाळ आहे म्हणून तसा दिसतो. अकरा ओळी मारल्या.

उघडी राहिलेली फक्की हवा खाऊन मेलेली असते. तिचा खडू होतो. रंग पांढराच, दिसायला तशीच, पण मोरचुदाला आवरायची ताकद गेलेली. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी अण्णा आले. पानांच्या कडा विडी ओढताना कागद जळतो तशा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या. अकरा ओळींत. बाराव्या ओळीपासून बाग हिरवी. अण्णांनी एक पान तोडून हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि एवढंच विचारलं, "इळा बुडवला हुतास का?"

मी गप्प. त्यांनी ते पान माझ्या खिशात घातलं आणि पुढं गेले. त्या दिवसापासून आमच्याकडे फक्की येत नाही, दरवेळी ताजी कळी येते. मारायचा राग त्यांनी पिशवीवर काढला, असं आई म्हणते.

आता त्याचं मूळ गाव. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ मेडोक नावाचा द्राक्षाचा पट्टा आहे. 1860च्या दशकात फ्रान्समधल्या वेलींच्या मुळांना अमेरिकेतून आलेला फायलोक्झेरा नावाचा किडा लागला आणि बागाच्या बागा वाळल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्याच रानवेलींची खुंटं आणली, कारण तो किडा त्या मुळांना फारसं काही करू शकत नव्हता. त्या आयातीबरोबर दावण्या आला. 1878 मध्ये फ्रान्सच्या बागांत तो पहिल्यांदा नोंदला गेला. एक दुखणं बरं करायला गेले आणि दुसरं घेऊन आले. आमच्याकडेही आज बहुतेक बागा डॉगरीजच्या खुंटावर आहेत, तोही अमेरिकेतला रानवेल, आणि आम्ही तो घेतला खारट जमीन आणि तुटपुंज्या पाण्यासाठी. त्यामुळे ही फ्रान्सची गोष्ट मला फार परकी वाटत नाही.

मेडोकमध्ये सेंट-ज्युलियन गावाच्या शिवारात रस्त्याकडेच्या ओळींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. हा त्रास द्राक्षवाल्यांना जगभर सारखाच. तिथल्या माणसांनी त्यावर उपाय काढला होता. मोरचूद आणि चुना कालवून रस्त्यालगतच्या वेलींवर शिंपडायचा, म्हणजे पानं-घड निळे-पांढरे, विषारी दिसतात आणि चोर हात लावत नाही. 1882 च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अॅलेक्सिस मिलार्दे त्या रस्त्यानं चालले होते. बागा दावण्यानं झडलेल्या, आणि रस्त्याकडेच्या निळ्या ओळींना मात्र पानं शाबूत. त्यांनी चौकशी केली. पुढं त्या बागेचे व्यवस्थापक एर्नेस्ट दाव्हिद आणि रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्या मदतीनं प्रयोग केले आणि 1885 मध्ये प्रमाणासकट ते प्रसिद्ध केलं.

म्हणजे हा मुळात एक बुजगावणं. चोराला भिववायला उभा केलेला, आणि त्याच्या पायाशी भलताच चोर अडकला. मिलार्देंच्या जागी दुसरा कुणी असता तर 'इथं पानं बरी दिसतात' म्हणून पुढं गेला असता, असं मला नेहमी वाटतं. आमच्या रस्त्याकडेच्या ओळीत मी लहानपणी किती वेळा राखणीला बसलोय, मी चोराशिवाय काही पाहिलं नाही.

आम्ही बोलताना 'औषध मारायचं' म्हणतो खरं, पण औषध या शब्दाला तो जागत नाही. पडलेल्या रोगाचं त्याला काही करता येत नाही. त्याचं काम आधीचं. पानावर वाळला की त्याचा पातळ, पाण्यात न विरघळणारा थर राहतो. पाऊस आला, दव आलं, की त्यातलं तांबं अगदी थोडं थोडं सुटत राहतं. दावण्याचा बीजाणू पानावर पडला की त्याला पाण्याचा थेंब लागतो. त्यात तो फुटून शेपटीवाले बारके जीव बाहेर पडतात, ते पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूची रंध्रं शोधतात आणि आत शिरतात. त्या थेंबात तांब्याचा अंश असला तर ते वाटेतच मरतात. आत शिरले की संपलं. पानाच्या पोटात तांबं जात नाही. म्हणून नोझल खालून वर मारावं लागतं, पानाची पाठ निळी व्हावी लागते. वरून झकास निळी दिसणारी आणि खालून कोरडी बाग ही आमच्याकडं आळशी माणसाची खूण मानतात.

2009 साली नोव्हेंबरात फयान वादळ कोकणात उतरलं आणि त्याचा पाऊस आमच्या माळापर्यंत आला. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा नेमक्या फुलोऱ्याच्या आसपास. तेव्हा गावात जो तो ड्रम घेऊन धावला, रात्री बॅटऱ्या लावून फवारण्या झाल्या. घडांवर पांढरी लव चढलेली असताना त्याच्यावर निळं मारणारी माणसं मी पाहिली. अण्णा बांधावर उभे राहून म्हणाले, "गेल्या चोराच्या मागं राखणदार." आमचीही निम्मी बाग गेलीच. आमचा ड्रम पाऊस यायच्या आधी भरला होता म्हणून निम्मी राहिली, की छाटणी आठ दिवस उशिरा झाली होती म्हणून, हे अजून घरात ठरलेलं नाही.

पावसाळा हा त्याचा कामाचा काळ. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्या वाढतात, जूनला पाऊस लागला की आमच्याकडं त्याची पाळी सुरू, ती ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर उघड्या काड्यांवर एक हात मारेपर्यंत. मणी धरले की त्याला बागेतून सुट्टी, कारण मण्यावर पडलेला निळसर डाग व्यापाऱ्याला दुरून दिसतो. बेदाण्यालाही तो डाग नको.

मात्र तो एकट्या द्राक्षाचा नाही. आमच्या आजोबांच्या वेळी मिरज-तासगावकडं पानमळे होते, आणि मर लागू नये म्हणून ते वेलांच्या बुडाशी हेच अर्ध्या टक्क्याचं पाणी ओतायचे; पानं खायची असल्यानं पानांवर नाही. वरुड-मोर्शीकडं गेलात तर संत्र्यांची झाडं गुडघ्याच्या वरपर्यंत निळसर पांढरे मोजे घातल्यासारखी दिसतील. तिथं तो दाट असतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि पाणी फक्त दहा लिटर. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला ब्रशनं लावायचा मलम. बुंध्यातून डिंक गळून झाड मरू नये म्हणून. डाळिंबवाले छाटणी झाली की उघड्या जखमांवर तेल्याच्या भीतीनं हाच मारतात.

सगळ्यात अवघड नोकरी मात्र त्याला कोकण-गोव्यात. गोव्याच्या कुळागरात आणि सिंधुदुर्गातल्या वाड्यांत सुपारीला पावसात कोळेरोग लागतो, हिरवी सुपारी कुजून सडासड गळते. नाव कानडी, कारण त्याचा अभ्यास म्हैसूर संस्थानात झाला; कॅनडातून आलेले लेस्ली कोलमन यांनी 1910 च्या सुमारास त्यावर बोर्डोचाच उपाय रूढ केला. सुपारीचं झाड चाळीस-पन्नास फूट, खोड उंचीच्या मानानं बारीक. चढणारा माणूस पायात दोरीची कडी घालून वर जातो, मिश्रण घडावर मारतो आणि खाली न उतरता झाड झुकवून पलीकडचं झाड धरतो. पाऊस लागायच्या आधी एकदा आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप मिळेल तेव्हा दुसऱ्यांदा. श्रावणात कोकणात उघडीप किती मिळते ते सांगायला नको. सावंतवाडीकडच्या आमच्या सोयऱ्यांकडे एकदा मी खाली ड्रमजवळ उभा होतो. वरून निळे थेंब पडत होते, पागोळीसारखे, आणि आम्ही सगळे खाली मान घालून. वर बघितलं की डोळ्यांत.

त्याचे दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. तांबं सडत नाही, उडून जात नाही. पानावरून पावसानं धुतलं की मातीत, आणि मातीत गेलं की तिथंच. फ्रान्सच्या जुन्या द्राक्षमळ्यांत शंभर-सव्वाशे वर्षांचं तांबं साठून राहिलंय, गांडुळांना ते मानवत नाही. ओढ्यात गेलं तर मासे मरतात. युरोपीय संघानं 2019 पासून मर्यादा घातली, हेक्टरी सात वर्षांत 28 किलो तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी चार. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं, तेव्हा ही मर्यादा आमच्या हिशेबानं एकरी वर्षाला सहा-साडेसहा किलो मोरचूद. शंभर-शंभर लिटरचे सहा ड्रम. पाऊस लांबलेल्या वर्षी आमच्या भागात एवढे ड्रम दसऱ्याच्या आधीच रिकामे झालेले असतात. हा आकडा मी एकदा अण्णांना करून दाखवला. त्यांनी दोनदा विचारला आणि त्या वर्षापासून खालची कोवळी, दाटीची फूट आधी काढून वारा खेळता करायचा आणि मगच ड्रम भरायचा, असं चालू झालं. दोन फवारण्या कमी झाल्या. तो सेंद्रिय शेतीत चालतो म्हणून काही लोक त्याला निष्पाप समजतात. मी समजत नाही. त्याचे शर्टावर पडलेले डाग आजवर कुठल्याही साबणानं गेलेले नाहीत.

आणि नवी औषधं त्याच्यापुढं उभी आहेत. पुडी फोडली, पाण्यात टाकली, ब्लोअर सुरू. ती पानाच्या आत जातात, रोग दोन दिवस जुना असला तरी गाठतात. त्यांची नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, कारण रोग त्यांना सरावतो. ह्याला सरावलेला दावण्या अजून तरी कुणी दाखवलेला नाही. तांबं एका ठिकाणी घाव घालत नाही, पेशीतल्या अनेक प्रथिनांना एकदम धरतं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. पण त्याला रात्रभर भिजवायला, चुना विरवायला, गाळायला माणसं लागतात, आणि माणसं आता सहाशे-सातशे रुपये हजेरी घेतात.

एक सवलत तो देतो. सकाळी केला आणि अचानक पाऊस कोसळला, मारता आला नाही, तर शंभर लिटरला शंभर ग्रॅम गूळ घालून ठेवायचा. मग तो दुसऱ्या दिवशीपर्यंत कसाबसा तग धरतो. आजीला हे कळलं तेव्हा तिला फार समाधान वाटलं. म्हणाली, "सोवळ्यातल्याला बी गूळ चालतोय म्हनायचा."

गेल्या जूनमध्ये मी रजा काढून गेलो होतो. सकाळी सातला अण्णा ड्रमजवळ स्टुलावर बसलेले. गुडघे गेलेत, आता ओतणं-ढवळणं त्यांना होत नाही. माझी मुलगी काठीनं ढवळत होती, मी तांब्या-तांब्यानं मोरचुदाचं पाणी सोडत होतो. रंग आला. मुलीनं पीएचचं यंत्र बुडवून आकडा वाचून दाखवला, सात पूर्णांक दोन. अण्णांनी मान डोलावली आणि हात पुढं केला. मी विळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शर्टाच्या बाहीला पुसला, पातं बुडवलं आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. साठ झाल्यावर विळा वर काढून उन्हाकडं धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला.

"मार," म्हणाले. "खालनं वर."

मुलगी पंपाचे पट्टे खांद्यावर चढवत होती. पंप तिला पेलला नाही, म्हणून तो मी घेतला.